नात्याचा रकाना

नागपूरला मी याआधी कधी गेले नव्हते. सुजाताचं ते गाव. साताऱ्यात सतरा वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो, तरीही गेले नव्हते. ती वर्षातून दोनदा माहेरी जायची, येताना संत्र्याची बर्फी आणि लाल तिखटाची पुडी आणायची. निघताना दर वेळी विचारायची, "या वेळी येतेस?" मी म्हणायचे, "पेपर तपासायचे आहेत." मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते, त्यामुळे तपासायला पेपर नेहमीच असायचे.

मागच्या एप्रिलमध्ये सुजाता गेली. तिचा भाऊ मिलिंद नागपूरहून आला आणि तिला घरी घेऊन गेला. शववाहिकेत ड्रायव्हरशेजारी एक जागा मोकळी होती. "मॅडम, येता का?" त्यानं विचारलं होतं. मी तेव्हाही पेपरांचंच कारण सांगितलं. त्यानं दार लावून घेतलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकाला धरून उभी होते आणि मला रडू येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती की शेजारच्या काकू बघत असतील.

या एप्रिलमध्ये तिच्या पहिल्या स्मृतिदिनाचं बोलावणं आलं. तोवर मी निवृत्त झाले होते आणि सांगायला कारण उरलं नव्हतं. म्हणून गेले. चार दिवसांचा प्रवास लिहायला मला दोन महिने लागले आहेत.

शुक्रवार

स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं तर ऊन भिंतीसारखं अंगावर आलं. पण त्याहून आधी नजरेत भरल्या त्या स्कूटरवरच्या बायका. प्रत्येकीनं दुपट्टा चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. उन्हासाठीच ते, मला माहीत होतं. तरी मनात आलं, हे शहर आपल्यासाठी बरं आहे. इथे कुणी कुणाला ओळखणार नाही.

तेवढ्यात मिलिंदनं हाक मारली. "ताई, इकडे!"

मी थबकले. एसटी डेपोत कारकून असलेला हा माणूस गेली सतरा वर्षं फोनवर मला मॅडमच म्हणत आला होता. सुजाता घरी बोलताना मला मॅडम म्हणायची, म्हणून ते सगळेच म्हणायचे. आज अचानक ताई. त्यानं माझी बॅग घेतली, ऑटोत बसल्यावर पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायले, पण लक्ष त्या शब्दाकडेच होतं.

घर उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आहे. खाली दोन खोल्या, वर एक, खिडकीत कूलर. कूलरच्या आवाजामुळे घरातली सगळी माणसं जरा मोठ्यानं बोलतात. आमच्या साताऱ्याच्या घरात सुजाता मोठ्यानं का बोलायची याचा उलगडा मला तिथे झाला. मी तिला नेहमी म्हणायचे, हळू बोल, भिंतीपलीकडे ऐकू जातं.

कूलरसमोर खाटेवर तिची आई बसली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, तो पांढरट दिसत होता. डाव्यानं तिनं मला बराच वेळ पाहिलं. कपाळ थेट सुजाताचं.

"आली का वं?" ती म्हणाली. "एक वर्ष लागलं तुले."

मी वाकून नमस्कार केला. मिलिंदच्या बायकोनं, वहिनींनी, ताट वाढलं: गोळाभात, त्यावर गरम तेल, ताक. भातात बेसनाचे तिखट गोळे असतात आणि ते बोटांनी फोडून कालवायचे असतात. माझे गोळे काही फुटेनात. आईंनी पुढे झुकून माझ्या ताटातला एक गोळा स्वतःच्या बोटांनी फोडून दिला. ताट स्टीलचं होतं, आणि भात संपत आला तसं तळाशी कोरलेलं नाव दिसू लागलं: सुजाता, दहावी पास.

मला माझं माहेर आठवलं. तिथे सुजाताला मी तीनदा नेलं. तिन्ही वेळा तिला चहा मिळाला, आणि तो घरातल्या इतर कपांपेक्षा निराळ्या कपात. तिनं हे पहिल्याच खेपेला पाहिलं होतं. मला सांगितलं तिसऱ्या वर्षी, सहज, भाजी निवडताना. जात काय करते यावर मी वर्गात तासन्‌तास बोलत असे आणि माझ्याच घरातला कप मला दिसला नव्हता.

जेवण झाल्यावर मिलिंदनं कार्यक्रमाचं कार्ड दिलं. रविवारी सकाळी बुद्धविहारात पुण्यानुमोदन, म्हणजे स्मृतिदिनाची वंदना. वर सुजाताचा फोटो, 'कालकथित' म्हणून तिचं नाव. बौद्धांमध्ये गेलेल्या माणसाला तसं म्हणतात. खाली 'शोकाकुल' या शब्दाखाली आई, मिलिंद, वहिनी, भाची प्रणाली. आणि शेवटी: वसुधाताई, सातारा (मानलेली बहीण).

मी ते दोनदा वाचलं.

"बरोबर आहे ना, ताई?" मिलिंद म्हणाला. "मी लय विचार केला. नुसतं मैत्रीण लिहिलं तर कमी वाटून राहिलं होतं. मग दवाखान्याचे कागद काढून पाहिले. फॉर्मवर तुमच्याच अक्षरात होतं. नातं, बहीण."

खरंच होतं. सुजाताला दाखल करताना खिडकीतल्या माणसानं फॉर्म पुढे सरकवला होता, 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना होता, आणि मागे रांग होती. मी 'बहीण' लिहिलं. स्ट्रेचरवरून सुजातानं ते पाहिलं आणि हसली होती. "वा," ती म्हणाली होती, "प्रमोशन." तो माणूस जरा वर बघेल एवढ्याच भीतीनं मी लिहिलेला शब्द आता दोनशे प्रतींत छापून वस्तीभर वाटला गेला होता. आणि ज्यानं छापला त्याला वाटत होतं की मला मान दिला.

शनिवार, इतवारी

प्रणाली मला इतवारीत पांढरी साडी घ्यायला घेऊन गेली. तिथल्या कार्यक्रमात बायका पांढऱ्या साड्या नेसतात हे मला ठाऊक नव्हतं. मी राखाडी आणली होती. हातगाड्या, टेम्पो, भांड्यांच्या दुकानांतली चकाकी, धान्याच्या पोत्यांची धूळ. प्रणालीनं स्वतःचा चेहरा दुपट्ट्यात बांधला, मग थांबून माझाही बांधून दिला. ती तेवीस वर्षांची आहे. आत्याच्या लाडाची.

दुकानदारानं गादीवर पांढऱ्याच पांढऱ्या साड्या टाकल्या. मी नुसती बघत बसले. माझ्या माहेरी पांढरी साडी नवरा गेलेल्या बाईच्याच अंगावर यायची. माझ्या थोरल्या काकूंना ती नेसवली गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि घाबरून माळ्यावर जाऊन बसले होते. इथे लग्न झालेल्या, न झालेल्या, सगळ्याच नेसणार होत्या. उद्या त्या विहारात पांढरा रंग कुणाचं काहीच सांगणार नव्हता. मी तो कोणत्या अर्थानं नेसले आहे हे फक्त मला कळणार होतं. या विचारानं मला एकदम सुटल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ भयंकर एकटं.

"ही घ्या, उमरेडच्या मागावरची आहे," प्रणाली म्हणाली. "आजीचं माहेर उमरेडचं. तिला बरं वाटेल."

परतताना आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. ती ग्लासाकडे बघत म्हणाली, "मॅडम, मला माहीत आहे हं. आत्यानं सांगितलं होतं. बारावीत होती मी."

मी आजूबाजूला पाहिलं. रसवाला चरकात ऊस घालत होता.

"उद्या राहुलच्या घरची मंडळी येणार आहे कळमेश्वरहून," ती पुढे म्हणाली. "आमचा साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. मी राहुलला सांगितलं आहे. तो म्हणाला, ठीक आहे, पण घरी नको बोलू. मला भीती वाटून राहिली. तुमची नाही, त्या माइकची."

"माइक कसला?"

"आत्यानं सांगितलं नाही कधी? आमच्यात सगळ्यांना बोलावं लागते. दोन शब्द. गुरुजी एकेकाचं नाव पुकारतात, नात्यासहित."

घरी आल्यावर मिलिंदनंही तेच काढलं, दाराच्या चौकटीला टेकून, माझ्याकडे न बघता. "ताई, उद्या थोडं सांभाळून घ्याल. माणसं चांगली आहेत कळमेश्वरची. पोरगा तिथंच कंपनीत आहे. पण माणसं म्हणजे माणसंच."

मी म्हटलं, "दोनच ओळी बोलेन. लिहून नेते."

वरच्या खोलीत बसून मी दोन ओळी लिहिल्या. सुजाता मला धाकट्या बहिणीसारखी होती. तिची उणीव मला कायम जाणवेल. पुन्हा वाचल्या. पाठ्यपुस्तकात 'मानीव नाती' म्हणून एक भाग असतो. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसताना लोक एकमेकांना भाऊ-बहीण मानतात, त्यानं परक्या माणसाला घरात जागा मिळते, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. त्याच पुस्तकात लैंगिकता आणि समाज असंही एक प्रकरण होतं. ते मी दर वर्षी शेवटच्या आठवड्यात ठेवायचे, म्हणजे वेळ उरला नाही म्हणून सोडून देता यायचं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तासानंतर येऊन विचारलं होतं, "मॅडम, ते प्रकरण कधी घेणार?" मी म्हटलं, "घरी वाचा, परीक्षेला येत नाही."

रविवार

विहाराचं सभागृह लहान. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी टेबलावर सुजाताचा हार घातलेला फोटो. सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मला शब्द येत नव्हते. मी ओठ हलवत राहिले. बायकांच्या बाजूला पांढऱ्या साड्यांत मी बसले आणि खरंच कुणाचं लक्ष माझ्याकडे गेलं नाही. माझ्या पुढच्या रांगेत कळमेश्वरच्या बाई होत्या, प्रणालीच्या होणाऱ्या सासूबाई. हातात कार्डाचा पंखा करून वारा घेत होत्या. कार्ड हललं की माझं नाव वरखाली व्हायचं.

मग गुरुजी माइकपाशी आले. वस्तीतल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. हातात यादी. आमच्याकडे दहाव्याला भटजी बोलतो आणि बाकीचे कावळ्याची वाट बघतात. इथे माणसं बोलतात. सुजाताची एक शाळासोबतीण उठली, जाडजूड, खणखणीत आवाजाची. "आम्ही कबड्डी खेळत होतो," ती म्हणाली, "तर सुजीनं त्या गल्लीतल्या पोट्ट्यांले असं लोळवलं, असं लोळवलं, का त्यातले दोघं आजही लंगडून राहिले. एक तर इथंच बसून आहे." पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हात वर केला आणि सभागृह हसलं. मीही हसले. ही सुजाता मी पाहिलीच नव्हती. मी पाहिलेली सुजाता बाजारात माझ्यापासून दोन पावलं लांब चालायची, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं.

"यानंतर," गुरुजी म्हणाले, "कालकथित सुजाता यांच्या मानलेल्या भगिनी, साताऱ्याहून आलेल्या वसुधाताई."

कळमेश्वरच्या बाईंनी वळून जागा करून दिली.

माइकपर्यंत पंधरा पावलं असतील. कागद घामानं ओला झाला होता, पण वाचता येत होता. मी पहिला शब्द वाचला: "सुजाता". पुढचं समोर दिसत होतं. पहिल्या रांगेत आई बसल्या होत्या, चांगला डोळा माझ्याकडे करून. मला धैर्य आलं, असं मी म्हणणार नाही. दोन भीत्या होत्या आणि त्यातली एक मोठी निघाली. मला दिसलं की आता मी हे वाचलं तर पुढच्या वर्षीही हेच पुकारलं जाईल, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि सुजाता सतरा वर्षं कुणाबरोबर जगली हे सांगणारं एकही माणूस कुठे उरणार नाही.

"कार्डावर बहीण छापलं आहे," मी म्हटलं. "मिलिंदची चूक नाही. दवाखान्यात मी घाबरून तसं लिहिलं होतं. मी तिची बहीण नव्हते. आम्ही दोघींनी सतरा वर्षं संसार केला. ती गेली तेव्हा मी इथे आले नाही, त्याचंही कारण भीतीच होतं. एवढंच."

पंखे फिरत होते. गुरुजींनी यादीकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "धन्यवाद ताई." मग यादीवर बोट ठेवून, "यानंतर, मिलिंद यांचे डेपोतले सहकारी." आणि डेपोतले सहकारी बोलू लागले. मी जागेवर परत आले.

जेवणात आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. पंगतीत माझ्या डावीकडे एक जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. शाळासोबतीण बुंदी वाढत आली, माझ्या पानात दोनदा वाढली आणि पुढे गेली. कळमेश्वरची मंडळी जेवली. निघताना त्या बाईंनी वहिनींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "फोन करतो." मिलिंद त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आला तो माझ्या बाजूनं न येता लांबून वळसा घालून आला. प्रणाली खुर्च्या गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी आई कूलरसमोर बसल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून बोलली वं?"

मी तांब्यावर भांडं पालथं घातलं.

"बोलाचं होतं तर ती होती तेव्हा बोलाचं होतं ना. एकदा तरी आली असती तिच्यासंगं. ती येऊन त्या दारात बसे अन्‌ रस्त्याकडे पाहे. मी विचारो, कोणाची वाट पाहून राहिली वं? तर म्हणे, कोणाची नाही. अन्‌ आता बोलली तू. माह्या नातीचं ठरून राहिलं तेव्हा."

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी वर गेले आणि बॅग भरली. गाडी सोमवारी संध्याकाळची होती.

सोमवार

कळमेश्वरहून फोन आला नव्हता. हे लिहीपर्यंतही आलेला नाही. साखरपुड्याची तारीख येऊन गेली. प्रणाली अधूनमधून मला मेसेज करते. राहुल भेटतो, बोलतो, घरच्यांचं बघू म्हणतो, असं कळवते. एकदा तिनं लिहिलं, "मी तुमच्यावर रागावली नाही असं नाही."

त्या सकाळी मी चहा घेत होते. आईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. तारीख दवाखान्यानं महिन्यापूर्वीच दिलेली. मिलिंदची रजा संपली होती, तो संध्याकाळी ड्यूटीवरून परस्पर येणार होता. वहिनी डबा भरत होत्या. आई काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चल वं," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मंग कोण? संध्याकाळच्या गाडीले लय वेळ आहे."

ऑटोत त्या बाहेर बघत बसल्या. मधेच एकदा त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. खड्डा होता, तोल जाऊ नये म्हणून. खड्डा गेल्यावर काढून घेतला.

दवाखान्यात रांग होती. तसलीच खिडकी, तसलाच माणूस, मागे तसलीच घाईतली माणसं. त्यानं फॉर्म घेतला, आईंचं नाव, वय, पत्ता विचारून भरला आणि मान वर न करता म्हणाला, "सोबत कोण?"

"ही," आई म्हणाल्या.

"नातं काय?"

मी तोंड उघडलं. ओळखीची, म्हणणार होते. शेजारी म्हणणार होते. सवय एका दिवसात जात नाही. पण आईंनी काठी माझ्या पावलाला टेकवली. त्या थोडा वेळ विचार करत होत्या. त्यांच्याकडेही तयार शब्द नव्हता, हे मला दिसलं.

"जावई लिही," त्या म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. खिडकीतल्या माणसानं पहिल्यांदा वर पाहिलं, आईंकडे, मग माझ्याकडे. "अवो आजी, बाई आहे ना त्या."

"मले दिसते ना बाप्पा," आई म्हणाल्या. "मोतीबिंदू एकाच डोळ्यात हाये."

"अवो पण जावई कसं लिहू मी?"

"मंग माह्या पोरीच्या घरच्या माणसाले काय म्हणतेत, तू सांग. तुले येत असन दुसरं तर ते लिही. पण लवकर लिही, माहे पाय दुखून राहिले."

त्यानं पेन हवेत धरलं. रांगेतल्या सगळ्यांचे डोळे माझ्या पाठीवर आहेत असं मला वाटत होतं आणि ते खरंही होतं. मी वळून पाहिलं नाही. मग त्यानं रकान्यात 'नातेवाईक' लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"इथं सही करा."

आईंनी माझा दंड धरला, आधारासाठी की आणखी कशासाठी, मला सांगता येणार नाही. मी आधी पेन खाली ठेवलं, पदराला तळवा पुसला. मग त्या रकान्याखाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.